युद्धात शाळामास्तरांचा पगार कोण देतं?

24 फेब्रुवारी 2022 च्या पहाटे रशियाची क्षेपणास्त्रं युक्रेनवर पडू लागली. सगळ्या जगाचे डोळे रणगाड्यांच्या रांगांकडे लागले होते. त्याच दिवशी युक्रेनच्या मध्यवर्ती बँकेनं एक आदेश काढला. डॉलरचा भाव 29.25 रिव्हनियावर (हे युक्रेनचं चलन) गोठवला, खात्यातून रोख काढायला दिवसाला एक लाख रिव्हनियाची मर्यादा घातली आणि परकीय चलन देशाबाहेर पाठवण्यावर जवळपास बंदी आणली. कार्डावरचे व्यवहार मात्र विनाअडथळा चालू ठेवले. युद्धाच्या बातम्यांच्या गर्दीत या आदेशाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पण पहिल्याच आठवड्यात देश कोलमडला नाही, त्यात या कागदाचाही वाटा होता असं मला वाटतं. शहरावर बॉम्ब पडत असताना दुकानात कार्ड चालतं आणि महिनाअखेरीस खात्यात पगार पडतो, तेव्हा सरकार अजून जागेवर आहे हे माणसाला कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

पण पगार द्यायचा तर पैसा हवा, आणि तो आटत चालला होता. 2022 या एका वर्षात युक्रेनचं सकल देशांतर्गत उत्पादन सुमारे 29 टक्क्यांनी घटलं. कारखाने बंद पडले, लाखो माणसं सीमा ओलांडून गेली, करवसुली ढासळली. काळ्या समुद्रावरची बंदरं अडली, त्यामुळे धान्य आणि तेलाची निर्यात जवळपास थांबली. त्या मार्चमध्ये आपल्याकडच्या किराणा दुकानांत सूर्यफुलाचं तेल एकदम महागलं, कारण भारतात येणाऱ्या या तेलाचा मोठा वाटा युक्रेनमधून यायचा. आपल्याला जे महागलेल्या डब्यातून जाणवलं, ते युक्रेनच्या बाजूनं पाहिलं तर डॉलर मिळवण्याचा एक मोठा मार्ग बंद होणं होतं. खर्च मात्र दुसऱ्याच दिशेनं धावत होता. दर महिन्याला सुमारे पाच अब्ज डॉलर कमी पडताहेत, असं युक्रेनचं सरकार त्या वसंतात सगळ्या मित्रदेशांना सांगत होतं.

परदेशी मदतीची खरी गोष्ट या पाच अब्जांपासून सुरू होते. रणगाडे आणि क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा यांच्यावर भरपूर लिहिलं गेलं. पण त्यांच्याइतकाच मोठा आणि तितकाच निकडीचा एक प्रवाह होता, ज्याला अर्थशास्त्रात अर्थसंकल्पीय मदत म्हणतात. एका सरकारनं दुसऱ्या सरकारच्या तिजोरीत थेट पैसे भरायचे. त्यातून बंदूक घ्यायची नाही, पूल बांधायचा नाही. शिक्षकांचे, नर्सचे, अग्निशमन दलातल्या जवानांचे पगार द्यायचे आणि म्हाताऱ्यांचं पेन्शन द्यायचं.

यामागे एक नियम होता. अर्थसंकल्पासाठी पैसा देणाऱ्या बहुतेक देशांची अट अशी की तो लष्करावर खर्च होता कामा नये. म्हणून युक्रेननं वाटणीच करून टाकली. देशातून गोळा होणारा कर आणि देशातच विकलेले युद्धरोखे सैन्याकडे, बाहेरून येणारा पैसा नागरी खर्चाकडे. यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो चुकीचा नाही. शेजाऱ्यानं आपल्या पोरांची फी भरली, तर घरातला पगार दवाखान्याकडे वळवता येतो. म्हणजे फी भरणाऱ्यानं दवाखान्यालाच हातभार लावला. तसंच इथे शाळेचा पगार बाहेरून आला म्हणूनच घरचा कर आघाडीवर जाऊ शकला. हे देणाऱ्या देशांना ठाऊक होतं, आणि ते लपवण्यासारखं होतं असंही मला वाटत नाही. ज्या देशावर आक्रमण झालंय त्याची शाळा चालू ठेवणं आणि त्याचं सैन्य उभं ठेवणं, या दोन गोष्टी हिशेबाच्या वहीत वेगळ्या लिहिता येतात. प्रत्यक्षात त्या एकमेकींना धरूनच उभ्या असतात.

हे पैसे पोचतात कसे? जून 2022 मध्ये जागतिक बँकेनं एक योजना सुरू केली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की ‘पीस’, म्हणजे शांतता, असा शब्द होतो. अमेरिकेच्या अर्थसंकल्पीय मदतीचा फार मोठा भाग याच वाटेनं गेला, इतर देशांनीही यात पैसे घातले. तिचं सूत्र साधं आहे: खर्च आधी, पैसे नंतर. युक्रेनचं सरकार आपल्या तिजोरीतून पगार देतं, किती शिक्षकांना, किती आरोग्य कर्मचाऱ्यांना, किती विस्थापितांना किती दिले याचा तपशील पाठवतं, तो तपासला जातो, आणि मग तेवढी रक्कम भरून मिळते. तपासणीसाठी अमेरिकेनं लेखापरीक्षकही नेमले होते.

खारकीव्हचं उदाहरण घ्या. रशियाच्या सीमेपासून हे शहर जेमतेम तीसेक किलोमीटरवर आहे. क्षेपणास्त्र सुटल्यापासून पडेपर्यंत मिनिटभरही मिळत नाही, भोंगा वाजायच्या आत स्फोट होतो. जमिनीवरच्या शाळा उघडणं शक्यच नव्हतं. सप्टेंबर 2023 मध्ये महापालिकेनं मेट्रोच्या पाच स्टेशनांत वर्ग बांधले: आवाज अडवणाऱ्या भिंती, हवा खेळती ठेवणारी यंत्रणा, रंगीत बाकं आणि हजाराहून जास्त मुलं. पलीकडून गाड्या जात-येत असतात आणि अलीकडे पाढे चालू असतात. मे 2024 मध्ये तर खास जमिनीखाली बांधलेली अख्खी शाळाच सुरू झाली. तिथे शिकवणारी शिक्षिका सरकारी पगारदार आहे. तिचा पगार ज्या खर्चाच्या रकान्यात पडतो, तो रकाना हजारो किलोमीटरवरच्या वॉशिंग्टनमध्ये तपासला जात होता. हे वाचताना रुक्ष वाटेल, पण तिचा पगार दोन महिने थकला असता तर ती पोलंडला निघून गेली असती. मग मेट्रोतल्या भिंती कितीही भक्कम असोत, वर्ग रिकामा राहिला असता.

आता या व्यवहारातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. मदत डॉलरमध्ये किंवा युरोत येते, पगार रिव्हनियात होतो. आलेले डॉलर सरकार मध्यवर्ती बँकेच्या हवाली करतं आणि बदल्यात रिव्हनिया घेतं. त्या रिव्हनियांतून पगार होतात. डॉलर बँकेच्या गंगाजळीत पडून राहतात, पण फार काळ नाही. डिझेल, औषधं, जनरेटर आयात करणाऱ्या व्यापाऱ्याला डॉलर लागतात. ते त्याला बँकेनं बाजारात विकलेल्या डॉलरमधून मिळतात आणि त्याचे रिव्हनिया बँकेत परत येतात. म्हणजे एकाच डॉलरनं दोन कामं केली. आधी शिक्षिकेचा पगार दिला, नंतर रुग्णालयाचा जनरेटर आणला. आणि पगाराच्या रूपानं बाजारात गेलेले रिव्हनिया फिरून बँकेत आल्यामुळे महागाईही फारशी भडकत नाही.

मदत वेळेवर आली नाही तर सरकारपुढे एकच झटपट उपाय उरतो, नोटा छापणं. 2022 मध्ये नेमकं हेच झालं. मे महिन्यात युरोपीय संघानं नऊ अब्ज युरोंच्या कर्जाची घोषणा केली. मथळे झाले, टाळ्या पडल्या. मग या कर्जाला हमी कुणी आणि किती द्यायची यावर सदस्य देशांत घोळ सुरू झाला. ऑगस्टमध्ये एक अब्ज पोचले, पुढचे पाच अब्ज ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये हप्त्याहप्त्यानं, आणि उरलेले तीन अब्ज त्या वर्षी आलेच नाहीत. मधल्या काळात युक्रेनच्या मध्यवर्ती बँकेनं सरकारचे रोखे स्वतःच विकत घेतले, म्हणजे सरळ भाषेत नोटा छापल्या. वर्षभरात सुमारे 400 अब्ज रिव्हनिया. जुलैमध्ये चलनाचा भाव एकदम खाली आणावा लागला, डॉलर 36.57 रिव्हनियांचा झाला. डिसेंबरात महागाईचा दर 26.6 टक्क्यांवर होता. पेन्शनवर जगणाऱ्या म्हातारीसाठी याचा अर्थ असा की रक्कम तीच, पण भाजीची पिशवी अर्धीमुर्धी. ब्रसेल्समध्ये लांबलेल्या बैठकांचा भुर्दंड तिनं भरला.

युद्धासाठी नोटा छापल्या की काय होतं, हे आपल्या देशानं फार भयंकर रीतीनं भोगलंय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं भारतातून धान्य, कापड, चामडं, सगळं उचललं, आणि त्याचे पैसे लंडनमधल्या खात्यावर पौंडांत मांडून ठेवले. त्या पौंडांच्या आधारावर इथे रुपयाच्या नोटा छापल्या गेल्या. माल बाहेर, नोटा आत. किमती भडकल्या, आणि 1943 च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, त्यामागच्या कारणांत हे एक मोठं कारण होतं. भाव आवरण्यासाठी अमेरिकेनं 1944 पासून उधार-उसनवारीच्या कायद्याखाली भारताला सुमारे 22 कोटी 60 लाख औंस चांदीसुद्धा दिली होती. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन भारताचं सुमारे 1.3 अब्ज पौंडांचं देणं लागत होता. गुलाम देशानं साम्राज्याला दिलेलं हे कर्जच होतं, फक्त ते द्यायचं की नाही हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. 1944 मध्ये ब्रेटन वूड्सच्या परिषदेत भारतीय शिष्टमंडळानं या थकलेल्या पौंडांचा प्रश्न लावून धरला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आपले चिंतामणराव देशमुख, त्या शिष्टमंडळात होते. त्याच परिषदेतून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी जन्माला आला.

त्या नाणेनिधीनं युक्रेनसाठी मार्च 2023 मध्ये स्वतःचा नियम बदलला. भवितव्य अत्यंत अनिश्चित असलेल्या देशाला मोठा कार्यक्रम देण्याची सोय त्याच्या नियमांत तोवर नव्हती. 31 मार्चला 15.6 अब्ज डॉलरचा चार वर्षांचा कार्यक्रम मंजूर झाला, आणि त्याची एक मुख्य दिशा ही होती की तूट भरायला नोटा छापणं थांबवायचं. ते शक्य झालं, कारण त्या वर्षी युरोपनंही शहाणपणा दाखवला. 18 अब्ज युरो वर्षभरात महिन्याला दीड अब्ज याप्रमाणे नियमित पाठवले. परतफेड 2033 पासून पुढे, 35 वर्षांपर्यंतच्या मुदतीत, आणि व्याजाचा बोजा युरोपनं उचलला. 2023 मध्ये युक्रेनमधली महागाई झपाट्यानं उतरली. 2024 च्या अखेरीस परकीय गंगाजळी 43.8 अब्ज डॉलर होती, युद्धापूर्वीच्या 31 अब्जांपेक्षाही जास्त. नियमित येणाऱ्या पैशाची ताकद याहून स्पष्ट दाखवणारं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पण हे सगळं किती नाजूक आहे ते 2023 च्या अखेरीस दिसलं होतं. अमेरिकेच्या संसदेत पुढची मदत अडकली. ब्रसेल्समध्ये हंगेरीच्या पंतप्रधानांनी 50 अब्ज युरोंची योजना अडवून धरली. डिसेंबर 2023 मध्ये युक्रेनच्या उपपंतप्रधान युलिया स्विरिदेन्को यांनी जाहीरपणे सांगितलं की पैसा आला नाही तर पाच लाख सरकारी कर्मचारी, 14 लाख शिक्षक आणि एक कोटी पेन्शनर यांची देणी लांबू शकतात. हंगेरीचा अडसर 1 फेब्रुवारी 2024 ला दूर झाला आणि 33 अब्जांचं कर्ज व 17 अब्जांचं अनुदान अशी चार वर्षांची युरोपीय योजना मंजूर झाली. अमेरिकेचा कायदा एप्रिलमध्ये झाला. त्यात दोन नव्या गोष्टी होत्या. अर्थसंकल्पीय मदत आता अनुदान नसून माफ करता येण्याजोगं कर्ज होती, आणि तिच्यातून पेन्शन द्यायला मनाई होती. परक्या देशातल्या म्हाताऱ्यांचं पेन्शन आपण का द्यायचं, हा प्रश्न अमेरिकी राजकारणात फार तापला होता. तो समजू शकतो. पण ज्याचा मुलगा आघाडीवर आहे त्या सत्तरीतल्या माणसाचं पेन्शन थांबवून कोणतं राष्ट्र लढू शकेल, याचं उत्तर हा प्रश्न विचारणाऱ्यांनी दिलं नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये त्या कर्जातला निम्मा भाग, सुमारे 4.65 अब्ज डॉलर, बायडेन सरकारनं माफ केला.

कर्ज की अनुदान, हा फरक पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. ब्रिटननं 1946 मध्ये अमेरिकेकडून दोन टक्के व्याजानं 3.75 अब्ज डॉलरचं कर्ज घेतलं. वाटाघाटीला खुद्द अर्थशास्त्रज्ञ केन्स गेले होते, आणि अनुदानाच्या आशेनं गेले होते. त्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटननं 29 डिसेंबर 2006 ला भरला, म्हणजे ज्यांनी महायुद्ध पाहिलंही नव्हतं त्यांच्या करातून. युक्रेनला मिळालेल्या युरोपीय मदतीचा मोठा हिस्सा कर्जच आहे, हे म्हणूनच विसरता कामा नये.

यावर तोडगा म्हणून एक अभूतपूर्व कल्पना पुढे आली. युद्ध सुरू होताच पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे 300 अब्ज डॉलर गोठवले होते. त्यातला सर्वांत मोठा साठा ब्रसेल्समधल्या युरोक्लिअर या संस्थेत आहे. मूळ पैशाला हात लावला तर आंतरराष्ट्रीय कायदा आडवा येतो. पण त्या पैशावर जो नफा साठतो, तो रशियाचा नाही, असा युक्तिवाद झाला. जून 2024 मध्ये इटलीत भरलेल्या जी-7 परिषदेत ठरलं की या नफ्यातून फिटेल असं 50 अब्ज डॉलरचं कर्ज युक्रेनला आजच द्यायचं. अमेरिकेनं 20 अब्ज डॉलर, युरोपीय संघानं 18 अब्ज युरो, उरलेले ब्रिटन, कॅनडा आणि जपाननं. आक्रमकाच्याच ठेवीच्या कमाईतून ज्याच्यावर आक्रमण झालं त्याचे पगार व्हावेत, यात मला न्याय दिसतो.

मानवतावादी मदत हा याहून वेगळा प्रवाह. ती सरकारच्या तिजोरीत जात नाही, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, रेडक्रॉस आणि स्थानिक संघटनांमार्फत थेट माणसापर्यंत जाते. युक्रेनमध्ये तिचंही रूप बदललं. दुकानं उघडी आहेत, बँका चालू आहेत, मग तांदळाची पोती कशाला वाहायची? 2022 मध्ये या संस्थांनी माणशी महिन्याला 2,220 रिव्हनिया, तीन महिने, थेट खात्यात टाकले. सरकारचाही स्वतंत्र विस्थापित भत्ता होता, मोठ्यांना 2,000 आणि मुलांना 3,000 रिव्हनिया. त्याची नोंदणी ‘दिया’ या सरकारी ॲपवर फोनवरूनच करता येत होती. हातात रोख आली की बाई स्वतः ठरवते, आधी औषध की आधी बूट. मला हे पोत्यांच्या वाटपापेक्षा जास्त सन्मानाचं वाटतं.

पण जिथे पैशानं वस्तू मिळतच नाही तिथे वस्तूच पाठवावी लागते. एप्रिल 2022 मध्ये मिकोलाईव्ह शहराची जलवाहिनी फुटली आणि नंतर नळाला खारं पाणी येऊ लागलं. लोक बाटल्या आणि कॅन घेऊन रस्त्यावरच्या टाक्यांपुढे उभे राहायचे. हे शहर सावरण्याची जबाबदारी डेन्मार्कनं घेतली. लिथुआनियानं तर एक अख्खं जुनं औष्णिक वीजकेंद्र सुटं करून युक्रेनला पाठवलं, तिथल्या उद्ध्वस्त केंद्रांना सुटे भाग मिळावेत म्हणून. भारतानं 1 मार्च 2022 ला औषधांचा पहिला साठा पोलंडमार्गे धाडला, आणि ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान कीव्हला गेले तेव्हा चार ‘भीष्म’ संच दिले. साधारण दोनशे जखमींवर उपचार करता येतील एवढं साहित्य एका संचात मावतं.

एवढा पैसा वाहतो तिथे चोरीही होते. जानेवारी 2023 मध्ये कीव्हच्या एका पत्रकारानं उघड केलं की सैनिकांच्या जेवणाच्या कंत्राटात अंडं 17 रिव्हनियाला लावलंय, बाजारात ते सातच्या आसपास होतं. कंत्राट युक्रेनच्या स्वतःच्या पैशांचं होतं, मदतीचं नव्हतं, पण उपमंत्र्यांना जावं लागलं आणि अशा वादांनंतर सप्टेंबरात संरक्षणमंत्रीही बदलले. युरोपच्या योजनेत तर प्रत्येक हप्त्याला सुधारणांची यादी जोडलेली आहे. जुलै 2025 मध्ये 16 पैकी 3 अटी पूर्ण नाहीत म्हणून एका हप्त्यातले सुमारे दीड अब्ज युरो रोखून धरले गेले. त्याच महिन्यात भ्रष्टाचारविरोधी यंत्रणांचे पंख छाटणारा कायदा संसदेनं केला, तेव्हा युद्ध चालू असतानाही तरुण रस्त्यावर उतरले आणि नऊ दिवसांत कायदा फिरवावा लागला. देणाऱ्यांचा दबाव होता, पण आधी आवाज उठवला तो ज्यांच्या नावानं मदत येते त्या लोकांनी.

अफगाणिस्तानात मात्र ज्याच्या हाती पैसा सोपवावा असं सरकारच उरलं नाही. 2021 पर्यंत तिथला सुमारे तीन चतुर्थांश सरकारी खर्च परदेशी पैशावर चालायचा. 15 ऑगस्टला काबूल तालिबानच्या हाती पडलं आणि तो ओघ एका दिवसात तुटला. शिक्षक महिनोन्‌महिने बिनपगारी शिकवत राहिले. शेवटी 2022 च्या जानेवारी आणि फेब्रुवारीसाठी युनिसेफनं सुमारे 1 लाख 94 हजार शिक्षकांना महिन्याला 100 डॉलरएवढी रक्कम दिली, तालिबानच्या तिजोरीला वळसा घालून. दोनच महिने. आपत्कालीन मदतीला याहून लांबचा पल्ला गाठणं अवघड असतं, कारण पगार ही दरमहाची गोष्ट आहे, आणि ती चालवायला विश्वास ठेवता येईल असं सरकार लागतं.

2025 मध्ये अमेरिकेचं धोरण पालटलं. ज्या यूएसएड संस्थेमार्फत युक्रेनला अर्थसंकल्पीय पैसा जायचा, तीच मोडीत निघाली. बहुतेक भार युरोपवर आला. त्या डिसेंबरात युरोपीय नेत्यांनी ब्रसेल्समध्ये रात्रभर वाद घातला. रशियाच्या गोठवलेल्या मूळ ठेवींवरच कर्ज उभारायचं का? बेल्जियमनं विरोध केला, कारण उद्या रशियानं खटला जिंकला तर युरोक्लिअरचा यजमान म्हणून आपल्यालाच भरपाई द्यावी लागेल, अशी त्याची भीती. अखेर 2026 आणि 2027 साठी 90 अब्ज युरोंचं बिनव्याजी कर्ज बाजारातून उचलून द्यायचं ठरलं. हंगेरी, स्लोव्हाकिया आणि चेक प्रजासत्ताक यांनी त्याच्या बोजातून स्वतःला वगळून घेतलं. युक्रेननं ते केव्हा फेडायचं? रशियाकडून युद्धाची नुकसानभरपाई मिळेल तेव्हा. तोवर त्यावरचं व्याज युरोपातले करदाते भरणार आहेत.